निळोपंतांच्या पोथीतले लपवलेले पान

एका राज्यात, समुद्राच्या काठी, काशाची एक मोठी घंटा होती. तिच्यावर टोल देण्याचे काम माझे. चाळीस वर्षे मी टोल दिले आणि ते सगळे विसरलो. एकच टोल अजून कानात आहे, आणि तो मी दिलेला नाही.

राजा सुरथसेनाच्या त्या राज्यात दुभाष्यांची शाळा होती. दर्यापारहून टोपीकरांची गलबते येत, आणि त्यांची भाषा जाणणारा माणूस नसला तर बंदरात एक पोतेही उतरत नसे. शाळेची एक रीत होती. टोपीकरांचा नवा शब्द नुसता पाठ म्हणून दाखवायचा नाही. आपल्या जगण्यातल्या खऱ्या वाक्यात घालून बोलायचा. वाक्य खरे निघाले की मी टोल देई, आणि गुरुजी शिकणाऱ्याच्या गळ्यातल्या दोऱ्यात एक निळा मणी ओवीत.

गुरुजी म्हणजे निळोपंत, राजाचे दुभाषी. एकदा दरबारात एक टोपीकर जादूगार आला आणि एक अवघड शब्द बोलला. निळोपंतांना तो येत नव्हता. राजा पाहत होता. येत नाही म्हणायची त्यांना लाज वाटली. त्यांनी अंदाजाने सांगितले, "महाराज, यांच्या घरी आनंदाची गोष्ट घडली आहे." राजाने पेढ्यांचे ताट पाठवले. खरे तर जादूगाराचा मुलगा समुद्रात बुडाला होता.

जादूगार रागाने ओरडला नाही. त्याने निळोपंतांची वाचा काढून चंदनाच्या पेटीत ठेवली. पेटीवर पांढरा काकाकुवा बसवला. म्हणाला, "हा पक्षी तीन शब्द विचारेल. तुझ्या घरचे कोणी तीन वर्षांच्या आत ते शब्द खऱ्या वाक्यांत बोलले, तर पेटी उघडेल. उभे राहूनही बोलता आले नाही, तर उभे राहणाऱ्याचा दगड होईल." एवढे सांगून तो पाण्यावरून चालत गेला.

त्या दिवसापासून बंदरातले पाणी हलेनासे झाले. भरती नाही, ओहोटी नाही. टोपीकरांचे एक गलबत आत अडकले ते अडकलेच. बाकीची बाहेरूनच परत जाऊ लागली.

निळोपंतांना दोन मुली. थोरली आवडाई, धाकटी वेणू. आई नव्हती. आवडाईनेच वेणूला वाढवले, भरवले, तिच्या वेण्या घातल्या. आवडाईजवळ वडिलांची पोथी होती. त्या पोथीत टोपीकरांचे हजारो शब्द लिहिलेले. ती पहाटे उठून चाळीस शब्द पाठ करी. संध्याकाळपर्यंत त्यातले तीस उडून जात. उरलेले बोलायला ती घंटेखाली उभी राही, पण वाक्य पोथीतलेच निघे. निळोपंत मान हलवून नाही म्हणत. माझा हात खाली येई.

वेणू मात्र त्या अडकलेल्या गलबतावर जाई. खलाशांना विचारी, या दोराला काय म्हणता, या गाठीला काय, घरची आठवण येते तेव्हा काय म्हणता. खलाशी हसत, चिडवत, सांगत. दिवसाला एखादाच शब्द ती घेऊन येई. तो दिवसभर वापरी, भांडताना, भाकरी थापताना, मांजर हाकलताना. मग घंटेखाली येऊन बोले, आणि मी टोल देई.

हे पुढचे आवडाईनेच मला पुष्कळ वर्षांनी सांगितले.

प्रत्येक टोल तिला पोटात लागायचा. वेणूची वेणी घालताना ती तिच्या गळ्यातले मणी मोजायची.

"अक्का, किती आवळतेस," वेणू म्हणायची.

"सैल घातली तर सुटते."

"डोळे ओढले जातात गं."

"मग कमी बघ."

वेणू हसायची. तिला ती थट्टाच वाटायची.

तिसऱ्या वर्षी वेणूने पोथी मागितली. "खलाशांकडे दर्याचे शब्द आहेत, अक्का. मनातले शब्द ते सांगत नाहीत, लाजतात."

आवडाईने पोथी दिली. पण त्याआधी मनातल्या शब्दांचे पान काढून कनवटीला लावले. विचारले तर म्हणाली, "वाळवीने खाल्ले."

मुदतीचा शेवटचा दिवस आला. घंटेजवळ पेटी मांडली. राजा आला, गाव आले. निळोपंत पाटावर बसले. राजाने विचारले, "दोघींपैकी उभी कोण राहणार?"

निळोपंतांनी मण्यांकडे पाहिले आणि वेणूकडे बोट दाखवले. आवडाईने मान खाली घातली.

सगळे बोलणे टोपीकरांच्या भाषेत झाले. मला ती येत नव्हती. अर्थ मागून कळला.

काकाकुवा म्हणाला, "जहाज गेल्यावर पाण्यावर वाट उरते आणि मिटते. तिचे नाव?"

वेणूने शब्द सांगितला. वाक्य केले, "आई गेली तेव्हा आमच्या घरात ती उमटली होती. अक्काने ती मिटू दिली नाही."

पेटीची पहिली कडी पडली.

"भरती आणि ओहोटी यांच्यामध्ये पाणी थांबते. त्याचे नाव?"

वेणूने तेही सांगितले. "आमचे बंदर तीन वर्षे त्यात आहे. आणि बाबाही."

दुसरी कडी पडली.

"दुसऱ्याचे भरलेले ताट पाहून आपला घास कडू होतो. तेव्हा पोटात असते त्याचे नाव?"

आपल्या भाषेतला शब्द वेणूला ठाऊक होता. टोपीकरांचा नव्हता. तिची बोटे पांढरी पडली, मग पावले दगडाची झाली. दगड घोट्यावर आला.

तिने वळून पाहिले. "अक्का, तुला येतो?"

आवडाई बोलली नाही. शब्द तिच्या कनवटीला होता, आणि जिभेवरही. चाळिसांतला हा एक कधीच उडून गेला नव्हता. तिला एवढेच वाटले की आज वेणूलाही काही येत नाही. तेवढ्या वेळात दगड वेणूच्या गुडघ्यावर चढला.

"अक्का, थंड लागते आहे."

आवडाई पुढे झाली. तिने शब्द सांगितला.

"शब्द बरोबर," काकाकुवा म्हणाला. "वाक्य?"

"राजाच्या राण्यांना एकमेकींचा तो वाटतो."

"हे पोथीतले आहे."

आवडाईचीही बोटे पांढरी पडली. वेणूच्या कमरेपर्यंत दगड आला होता. तिच्या छातीवरचे मणी थरथरत होते.

आवडाईने कनवटीचे पान काढून पाटाशी ठेवले. मग हळूहळू बोलली. "मला तो वेणूचा वाटतो. तिच्या प्रत्येक टोलाला वाटला. हे पान वाळवीने खाल्ले नाही, मी लपवले. ती हरावी म्हणून. आत्तासुद्धा मी थोडा वेळ थांबले होते."

तिसरी कडी पडली.

पेटी उघडली. शब्द बाहेर पडले. पाकोळ्यांसारखे उडत निळोपंतांच्या तोंडात शिरले. दोघींच्या अंगावरचा दगड मिठासारखा झडला. बंदरातल्या पाण्याने एक उसासा टाकला आणि ओहोटी लागली. अडकलेल्या गलबताचा नांगर उचलला गेला. काकाकुवा त्याच्या डोलकाठीवर जाऊन बसला.

निळोपंत पहिल्यांदा राजाशी बोलले. "महाराज, त्या दिवशी मला तो शब्द येत नव्हता." राजाने मान हलवली. जादूगाराच्या मुलासाठी दरबारात तीन दिवस सुतक पाळण्याचा हुकूम निघाला. टोपीकरांची गलबते पुन्हा येऊ लागली, पोती उतरू लागली, शाळेत नवी मुले आली.

पण हे पुढचे. त्या घटकेला लोक धक्क्याकडे धावले होते, निळोपंत रडत होते, आणि आवडाई घंटेखाली एकटी उभी होती. नवा शब्द बोलला गेला होता, वाक्य खरे निघाले होते, आणि टोल झाला नव्हता. माझ्या हातात हातोडा होता. हात उचलत नव्हता.

वेणू माझ्याजवळ आली. तिने माझ्या हातातून हातोडा घेतला आणि घंटेवर एक टोल दिला. मग आपल्या दोऱ्यातला एक निळा मणी काढून आवडाईच्या तळहातावर ठेवला.

"वेणू," आवडाई म्हणाली.

वेणूने हातोडा माझ्या हातात परत दिला. घंटा अजून घुमत होती. वेणू पायऱ्या उतरली आणि ओल्या वाळूवरून निघून गेली.