शेवंतीची आयाळ

फार जुन्या काळी नदीकाठच्या एका तबेल्यात घोडीचं अंग घासायचा खरारा आणि कातर एकाच खुंटीला टांगलेले असत. काम झालं की खरारा गप्प राही. कातरीला मात्र स्वस्थ बसवत नसे. शेवंती घोडी समोर दिसली की तिची पाती कचकच वाजू लागत.

"धोंडजीबाबा, पुढची आयाळ मागच्यापेक्षा लांब दिसते बघा," एका सकाळी कातर घोडीची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला म्हणाली.

धोंडजीने पुढची आयाळ कापली. मग मागची लांब दिसू लागली. तीही कापली, तर मधला झुपका डोळ्यांत खुपायला लागला.

"आता पुरे कर," खरारा म्हणाला. "घोडी धावायला लागली की कोण मोजतंय?"

"एवढं एक टोक सारखं होऊ दे, मग थांबते."

दुपारपर्यंत शेवंतीच्या मानेवर नुसते खुंट उरले.

तेवढ्यात नदीपलीकडून हाक आली. धोंडजीच्या लेकीला ताप चढला होता. औषधाची पुडी पागोट्यात खोचून धोंडजीने खोगीर न घालताच घोडी पाण्यात घातली. मध्यावर तो पाठीवरून घसरला. सवयीने हात आयाळीकडे गेला, पण हाताला काहीच लागलं नाही. वाहता वाहता शेपूट हाती आली, म्हणून तो आणि औषध पलीकडे पोचले.

दुसऱ्या दिवशी तो परतला, तेव्हा कातर त्याची वाटच बघत होती.

"धोंडजीबाबा, शेपटीची टोकं सारखी नाहीत बघा."

धोंडजीने खुंटीवरून खरारा तेवढा काढून घेतला.