काठोकाठ भरलेला रेडिएटर

एकदा एक गाडी घाटाच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. गाडी सुपारीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची होती आणि तो स्वतःच ती चालवत होता. गाडीची गोष्ट म्हटली की बायका पान उलटतात आणि पुरुष मान डोलावतात, जणू त्यांना सगळं आधीच ठाऊक आहे. दोघांनीही तसं करू नये. ही गोष्ट दोघांनी ऐकायची आहे.

त्या पायथ्याशी एका वृद्ध वस्तादाचं गॅरेज होतं. शेजारी घाटदेवीचं लहानसं देऊळ आणि देवळामागे दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं. त्या रस्त्याची एक रीत होती. वर चढणारी प्रत्येक गाडी तिथे थांबायची, देवीपुढे नारळ फुटायचा आणि टाक्यातलं तांब्याभर पाणी प्रसाद म्हणून गाडीच्या रेडिएटरमध्ये पडायचं. इंजिनाचा ताप वाहून नेणारं पाणी जिथे निवतं, ते हे रेडिएटर. देवीचं पाणी पोटात असलं की गाडी घाटात तापत नाही, अशी त्या वाटेवरच्या माणसांची श्रद्धा होती. श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. पण श्रद्धेच्या नावाखाली डोळे मिटून घेण्याची जी सवय आहे, तिला मी जन्मभर नावं ठेवत आले आहे आणि ठेवणार.

वस्तादाजवळ एक शिष्य होता. हातात कसब आलेलं, लग्न झालेला, आता स्वतःचं गॅरेज टाकण्याच्या विचारात असलेला. नाव हणमंता. व्यापाऱ्याची गाडी दिसताच तो तांब्या घेऊन पुढे झाला.

व्यापारी खिडकीतूनच म्हणाला, "लवकर आटप बाबा. दुपारच्या आत वर पोचायचंय."

हणमंताने बॉनेट उघडलं, फडकं घेतलं आणि झाकणाला हात घातला. मागून वस्तादाचा आवाज आला, "ठेव तो हात खाली. गाडी आत्ता पळून आली आहे. तापलेल्याचं झाकण उघडतात का?"

"वस्ताद, शेठना घाई आहे."

"घाई शेठना आहे. वाफेला नाही. ती आहे तिथेच बसली आहे, तुझ्या तोंडाची वाट बघत."

तेव्हा थांबणं आलं. व्यापारी चडफडत उतरला आणि वस्तादाने पुढे केलेल्या बाकावर टेकला. गाडीच्या मागच्या सीटवर साडीचा एक खोका होता आणि त्यावर मिठाईचा पुडा. वस्तादाने तो पाहिला, काही विचारलं नाही. न विचारणाऱ्या माणसापुढे लोक फार बोलतात. व्यापारीही बोलला.

"आमची मंडळी माहेरी जाऊन बसली आहे. घाटावर, भावाकडे. एवढ्या वर्षांच्या संसारात तोंडातून अवाक्षर नाही. माझ्या आईचं आजारपण काढलं, भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा घरात एक भांडं वाजू दिलं नाही. माझा स्वभाव जरा तापट. सगळं सांभाळलं. आणि परवा एकदम पिशवी भरली नि गेली. एकदम! सकाळी मेव्हण्याचा निरोप आला, की आज ती तिकडे वेगळी खोली घेते आहे. तिने किल्ली हातात घेण्याआधी मला पोचायला हवं."

"भांडण काय झालं होतं?"

"तेच तर! काहीच नाही. चहा गार झाला एवढंच मी म्हणालो."

हणमंताला हसू आलं. वस्तादाने त्याच्याकडे असं पाहिलं की ते तिथेच विरलं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"त्याच दिवशी मागोमाग गेलो. अंगणातूनच विचारलं, काय कमी केलं मी तुला? मेव्हण्याने दार लावून घेतलं." व्यापाऱ्याने मान वळवली. "माझ्या तोंडावर."

"गरम असताना उघडायला गेलात," वस्ताद एवढंच म्हणाले आणि उठले. गाडी आता निवली होती.

हणमंताने झाकण उघडून आत पाहिलं. पाणी काठाला टेकलं होतं. तो मोठ्याने म्हणाला, "काठोकाठ आहे. तापमानाचा काटाही आत्ता मध्यावरच होता. ठीक आहे, वस्ताद. वरून देवीचं घोटभर घालतो नि सोडतो."

"असणारच काठोकाठ," व्यापारी अभिमानाने म्हणाला. "देवीचं पाणी घातल्याशिवाय एकदाही घाट चढलो नाही. एक थेंब कमी पडू दिला नाही मी."

वस्तादाने गाडीखाली एक रुंद टब सरकवला आणि स्वतः वाकून रेडिएटरच्या तळाची तोटी सोडली. भरलेलं, न सांडलेलं, कुणाची तक्रार नसलेलं ते पाणी भळभळा टबात पडू लागलं.

"अहो, काय करताय हे!" व्यापारी ओरडला. "भरलेली गाडी रिकामी करताय? वेड लागलं काय म्हाताऱ्याला? तिकडे माझं घर मोडतंय आणि हा पाणी सांडत बसलाय!"

हणमंताही गोंधळला. गुरूचं चुकतंय असं त्याला पहिल्यांदाच वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"पांढरी परात आण," वस्ताद म्हणाले. शिष्याने आणली. वस्तादाने धारेखाली धरली आणि व्यापाऱ्यापुढे ठेवली.

परातीत तांबडं, गढूळ पाणी होतं. तळाशी चहाच्या चोथ्यासारखे गंजाचे कण बसत चालले होते.

"शेठ, पाण्यात मिसळायचं ते कूलंट यात शेवटचं कधी घातलं होतं?"

व्यापारी विचारात पडला. "गाडी घेतली तेव्हा कंपनीने घातलं असेल. नंतर... भरलेलंच तर होतं कायम."

वस्ताद टबाजवळ उकिडवे बसले. नळी लावून त्यांनी रेडिएटरमध्ये स्वच्छ पाणी सोडलं आणि बोलू लागले. बोलणं व्यापाऱ्याशी होतं, पण नजर शिष्यावर होती.

"लोकांना वाटतं, कूलंटचं काम गार राहणं. नाही. त्याचं काम तापणं. इंजिनाचा दाह स्वतःच्या अंगावर घ्यायचा, बाहेर नेऊन टाकायचा आणि पुन्हा दाहात शिरायचं. त्यात गंज धरू न देणारं औषध असतं. दर फेरीला ते झिजतं. पातळी तशीच राहते, सत्त्व जातं. ते काठावर दिसत नाही. तुम्ही वरून पाणी घालत राहता, तसतसं उरलेलं सत्त्वही पातळ होतं. देवीच्या पाण्यात पावित्र्य आहे, मी रोज पितो. पण त्यात क्षारही आहेत, ते आत साचतात. शेवटी एक दिवस असा येतो की जे पाणी इंजिनाला वाचवायला ठेवलं होतं, तेच त्याला आतून खायला लागतं. मग घाटाच्या अर्ध्यात गाडी बंद पडते, आणि मालक म्हणतो, एकदम पडली. शेठ, एकदम काही होत नाही."

परातीतलं तांबडं पाणी आता संथ झालं होतं. मग हट्टी माणसं करतात तसा व्यापाऱ्याने शेवटचा टोमणा मारून पाहिला.

"म्हणजे काय, मुदत भरली की बायको बदलू?"

"इंजिन कोण आणि पाणी कोण, हे तुम्ही फार लवकर ठरवलंत," वस्ताद शांतपणे म्हणाले. "बाई पाणी नव्हे. बाई माणूस आहे. पाणी म्हणजे तिचा संयम. तुमचा, तुमच्या आईचा, तुमच्या भावांचा दाह तिने त्यात जिरवला. तुम्ही दर दिवाळीला वरून साडी ओतलीत आणि म्हणालात, काठोकाठ आहे. आत काय रंग झालाय, हे कधी परातीत घेऊन पाहिलंत? नाव काय त्यांचं?"

व्यापाऱ्याला ते नाव उच्चारायला वेळ लागला. घरात "अगं" एवढ्यावर त्याचं भागत होतं. "इंदुमती," तो म्हणाला.

"मग इंदुमतीबाईंना आज चला म्हणू नका. खोका गाडीतच ठेवा. समोर बसा आणि विचारा, इतकी वर्षं काय काय पोटात घातलंस? पहिल्यांदा गढूळच येईल. मध्ये बोलू नका, तोटी बंद करू नका. नितळ येईपर्यंत वाहू द्यायचं." त्यांनी टबात पडणारी धार दाखवली. ती तांबडीची पिवळट झाली होती, अजून नितळ नव्हती. "हे असं."

धार नितळ झाली तेव्हा वस्तादाने तोटी फिरवली. मग हिरवंगार नवं कूलंट, शुद्ध पाण्यात मिसळलेलं, सावकाश आत गेलं. झाकण उघडंच ठेवून त्यांनी इंजिन चालू केलं. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर आली, तशी पातळी खाली गेली, आणि तेवढंच पुन्हा भरलं. बुडबुडे थांबल्यावर झाकण लागलं. टबातलं जुनं पाणी त्यांनी डब्यात ओतून बूच घट्ट लावलं. त्यात उरलेलं कूलंट विषारी, पण चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. पोटातलं बाहेर काढलं, तरी ते कुणाच्याही तोंडी पडू द्यायचं नसतं.

व्यापारी जायला निघाला तेव्हा हणमंताने विचारलं, "वस्ताद, मग हे बदलायचं तरी किती दिवसांनी?"

"गाडीच्या पुस्तकात मुदत दिलेली असते. कुणाला दोन वर्षं, कुणाला पाच. वर्षं आणि किलोमीटर, जे आधी भरेल ते. गाडी नुसती उभी राहिली तरी मुदत थांबत नाही. आणि ज्याचं पुस्तकच नाही, त्याला विचारायचं. तो सांगतो, फक्त आपण गरम असताना विचारायचं नाही."

गाडी वर गेली. दिवस कलला. अंधार पडायच्या आधी ती परत खाली आली. व्यापारी एकटाच होता. साडीचा खोका मागच्या सीटवर तसाच होता.

हणमंताचा चेहरा पडला. वस्ताद पुढे गेले. व्यापारी काच खाली करून म्हणाला, "खोली घेतली तिने. मी पोचलो तेव्हा किल्ली हातात होती."

"आणि?"

"आणि दार उघडं ठेवलं. मी उंबऱ्यावर बसलो. ती बोलत होती. पहिलं बाळ गेलं त्या वर्षाचंसुद्धा निघालं. मला वाटत होतं ते ती विसरली." त्याने मागच्या खोक्याकडे पाहिलं. "अजून तांबडंच येतंय हो."

"येतंय ना?" वस्ताद म्हणाले. "मग उद्या परत जा."

व्यापाऱ्याने मान हलवली. गाडी हळूच सुरू झाली. काटा मध्यावर होता, आणि या वेळी तो खरं बोलत होता.

त्या संध्याकाळी हणमंता घरी गेला. हातपाय धुऊन ताटावर बसला. बायको समोर वाढत होती. रोज त्याच्या गॅरेजच्या गोष्टी तीच ऐकायची, त्याच्या आईची बोलणीही तीच ऐकायची. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझं कसं चाललंय?"

"ठीक आहे," ती म्हणाली, आमटीच्या पातेल्यात पळी फिरवत.

हणमंताने ताट बाजूला सरकवलं. "ते मी आज काठोकाठ भरलेली गाडी बघून म्हणालो होतो," तो म्हणाला, "आणि चुकलो होतो. पळी ठेव. बस इथे."

तिने पळी खाली ठेवली. मग बसली.