एकविसाव्या क्रमांकाचा जोडीदार

“मग ज्याचे गुण जास्त, त्यालाच जोडीदार घ्यायचं ना, उस्ताद?”

शलाका कोष्टीने कागद पुढे केला. तीस संघांची यादी, आणि प्रत्येकाच्या रोबोटने टोपलीत किती चेंडू टाकले त्याचा आकडा. दोन दिवस खपून तिने ती केली होती.

इचलकरंजीच्या तिच्या शाळेचा रोबोट साखळी फेरीत पहिला आला होता. बाद फेरीत दोन-दोन संघांनी जोडीने उतरायचं, आणि जोडीदार निवडायचा पहिला मान पहिल्या क्रमांकाचा. अर्ध्या तासात तिला माइकवर एक नाव घ्यायचं होतं.

मुजावर उस्ताद स्टुलावर बसून चहा पीत होते. सगळा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे-हत्यारं घडवण्यात गेलेला माणूस. निवृत्त झाल्यावर शाळेतल्या पोरांना कानस कशी धरायची ते शिकवू लागले, आणि तिथेच रमले.

कागदाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“तुझा सगळ्यात चांगला सामना कुठला?”

“पाचवा. चौदा चेंडू टाकले. कुणी आडवंसुद्धा आलं नाही.”

“दाखव.”

तिने लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. आधी दहा वेळा तरी पाहिलेला.

उस्तादांनी पडद्यावर तळहात ठेवला. नेमका तिच्या रोबोटवर. रोबोट सरकेल तसा हातही सरकू लागला.

“उस्ताद, आपलाच रोबोट दिसत नाही.”

“हं… बाकीचं बघ.”

ती बघू लागली.

समोरचे दोन रोबोट तिला अडवायला टोपलीकडे झेपावत होते. मधे एक बुटका, पत्रा चेपलेला रोबोट उभा होता. ते रेटत होते, तो हलत नव्हता. एकाने वळसा घेतला, तर हा आधीच तिथे. अडीच मिनिटांत त्याने एकही चेंडू उचलला नाही.

चंदगडचा संघ. त्या सामन्यापुरता चिठ्ठीने तिच्या बाजूला आलेला. तिच्या यादीत एकविसावा, नावापुढे जेमतेम दोन चेंडू.

सामना संपल्यावर त्या मुली हात मिळवायला आल्या होत्या. शलाका गुणफलकाकडे धावली होती…

तिचे कान तापले.

“मी त्यांच्याशी बोललेसुद्धा नाही, उस्ताद.”

उस्तादांनी उरलेला चहा संपवला.

माइकवर तिने चंदगडचं नाव घेतलं, तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. त्या मुली रोबोटची चाकं काढून खोक्यात भरत होत्या. त्यांची कप्तान प्रणोती गावडे हातात पाना घेऊनच धावत आली.

“नाव चुकलं नाही ना तुझं?”

“नाही. पाचव्या सामन्यात तुम्ही होतात म्हणून आम्ही जिंकलो. तेव्हा सांगायचं राहिलं.”

प्रणोतीने पाना खाली घेतला.

“आम्हाला वाटलं, कुणाला दिसलंच नसेल.”

चाकं पुन्हा बसली. जोडी अंतिम सामन्यापर्यंत गेली, आणि तिथे एका चेंडूने हरली.

निघताना चंदगडच्या मुलींनी घरच्या काजूंची पिशवी शलाकाच्या हातात कोंबली. नको म्हणायची सोय ठेवली नाही.

ती उस्तादांकडे आली. डोळे भरले होते, पण ते हरल्यामुळे नव्हतं.

“तुम्ही दाखवलं नसतं, तर या मुली मला भेटल्याच नसत्या.”

ती पायांशी वाकली. उस्तादांनी मधेच तिचे हात धरले.

“निवड बरोबर केली ना मी, उस्ताद?”

चंदगडची गाडी फाटकाशी उभी होती. खोकी चढवली जात होती.

उस्तादांनी तिकडे बोट दाखवलं.

“त्यांना विचार. पुढच्या वर्षी त्या पहिल्या आल्या, तर तुला घेतील का?”