करपेवाडीची सरासरी

विषय : मौजे करपेवाडी येथे विहीर खणून मिळणेबाबत.
संदर्भ : हौसा, भाकऱ्या थापणारी, राजवाड्याचा मुदपाकखाना, हिचा सातवा अर्ज.

उपरोक्त अर्ज दिवाण चिंतोपंतांनी नामंजूर केला. संस्थानात नवा संगणक आला होता आणि पंतांना त्यातले एकच सूत्र येत होते : सरासरी. कळ दाबली की उत्तर हजर. तेव्हापासून पंतांनी विचार करणे सोडले होते. दिवाणगिरीला त्याने काही बाधा आली नव्हती.

“दहा गावं, आणि घरटी रोज सरासरी बारा हंडे पाणी,” पंत दरबारात म्हणाले. “करपेवाडीला विहीर कशाला?”

“आमच्याकडं एक हंडासुदिक मिळत न्हाई, महाराज,” हौसा म्हणाली.

“म्हणजे संगणक खोटं बोलतो काय गं?” महाराज नव्या वस्तूच्या बाबतीत फार हट्टी होते. “ही सरासरी चुकीची आहे, हे उद्या दुपारपर्यंत पटवून दे. आकडा बदलायचा नाही, सूत्राला हात लावायचा नाही. जमलं तर विहीर. नाही जमलं तर करपेवाडीचा अर्ज पुन्हा या दारात दिसायला नको.”

हौसाने पडद्याकडे निरखून पाहिले. चार गावांपुढे आकडे होते : चौदा, दहा, तेरा, अकरा. उरलेल्या सहा चौकटी कोऱ्या.

“दिवाणजी, आमची चौकट मोकळी का?”

“तुमच्याकडे पाणी नाही म्हणून. महाराजांच्या दप्तरात शून्य लिहीत नाहीत. अपशकुन असतो.”

“आन् मोकळ्या चौकटीचं हे यंत्र काय करतं?”

“काही नाही. मोजतच नाही. हुशार आहे.”

“लई हुशार,” म्हणत हौसा भाकऱ्या थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगतीला दहा जण बसले. हौसाने चार भालदारांना वाढले : तीन, दोन, चार, तीन भाकऱ्या. उरलेली सहा ताटे लखलखीत. त्यांत एक महाराजांचे, एक पंतांचे.

“हौसा, आमचं ताट?”

“दिवाणजींना इचारा, महाराज. माणशी किती भाकऱ्या झाल्या?”

पंतांनी चार आकडे भरले, कळ दाबली. “सरासरी तीन.”

“मग झालं की. तीन भाकऱ्या जेवलात. आता सुपारी देऊ?”

पोटात कावळे ओरडत असले की गणित चटकन समजते. महाराज म्हणाले, “पंत, आमच्यापुढे शून्य घाला.”

“महाराज, अपशकुन...”

“उपाशी उठण्यापेक्षा मोठा?”

सहा शून्ये पडली आणि तीन भाकऱ्यांची एक पूर्णांक दोन झाली. मग पाण्याच्या तक्त्यात सहा पडली. बारा हंड्यांचे चार पूर्णांक आठ झाले.

महाराज पोट धरून हसले. रिकामे असल्यामुळे ते धरायला सोपे गेले. विहीर जागच्या जागी मंजूर झाली, हौसाला चांदीचा हंडा बक्षीस मिळाला, आणि मग सगळ्यांना भाकरी.

मंजुरीचा कागद पुढील कार्यवाहीसाठी पंतांकडे गेला, त्यास तीन वर्षे झाली. संस्थानात अर्ज निकाली निघण्यास सरासरी चार दिवस लागतात, असा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध होतो. जे अर्ज निकाली निघाले नाहीत, त्यांच्यापुढची चौकट कोरी ठेवण्याची पद्धत आहे.

हौसाचा अर्ज प्रलंबित आहे.