रावसाहेबांचं सोन्याचं घड्याळ

शाळेच्या नव्या सभागृहाला आपल्या आजोबांचं नाव मिळावं म्हणून रावसाहेब खानविलकर त्यांचं जाड चामडी जाकीट आणि सेकंद मोजणारं सोन्याचं घड्याळ घेऊन सभेत आले.

"आजोबा लढाऊ वैमानिक! प्रत्येक उड्डाणात हेच घड्याळ, हाच पट्टा! शंका असेल त्यानं बोलावं!"

परदेशात घड्याळं दुरुस्त करायला शिकून आलेल्या केतकीला सभागृहाला शाळा उभारणाऱ्या हौसाबाईंचंच नाव हवं होतं. ती उठली.

"रावसाहेब, वैमानिक घड्याळ जाकिटाच्या बाहीवरून बांधायचे. दाखवा ना बांधून!"

रावसाहेबांनी ऐटीत जाकीट चढवलं. पट्टा चार बोटं कमी पडला.

"मग... बाहीच्या आत बांधत असतील!"

"आणि दोन्ही हात विमान चालवण्यात गुंतलेले असताना वेळ बघायला बाही वर कोण सारायचं? शत्रू?"

सभा खदखदून हसली. सभागृहाला हौसाबाईंचं नाव लागलं.