हरायला बसलेली बाई

"मला मिनिटाला तीस शब्द हवेत, सर. आणि तुम्ही मला फुगे फोडायला बसवलंत?"

टायपिंगचा क्लास चालवता चालवता नाईकनवरे सरांचे केस पिकले होते. असले प्रश्न त्यांना रोजचेच.

शैलजा ढोकणेचा पारा मात्र चढला होता. पडद्यावर वरून फुगे उतरत, प्रत्येकावर एक शब्द. तो टाइप केला की फुगा फुटे. दहा फुगे खाली टेकले की खेळ संपला. पोराटोरांचा खेळ! आणि परवा तर परीक्षा. नवरा गेल्यावर त्याच्या जागी ती कचेरीत लागली, ती टायपिंग पास होण्याच्या अटीवर. दोनदा आपटली होती. आता आपटली की नोकरी गेलीच, आणि घरची चूल त्या नोकरीवर पेटत होती.

त्यात बाई मोठी मानी. शाळेपासून तिच्या वहीत खाडाखोड म्हणून कुणाला सापडली नव्हती. एक अक्षर चुकलं की थांबायची, मागे जाऊन पुसायची, मगच पुढे. तोवर फुगे खाली. सकाळपासून पाच वेळा हरली.

"खेळच भिकार आहे," ती म्हणाली.

"मग आज हराच."

"म्हणजे?"

"जिंकायचं नाही. बोटं तेवढी थांबवायची नाहीत. बाकी खुशाल हरा."

"आणि चुकलं तर…?"

सरांनी खिशातून चाकू काढला, कीबोर्डवरचं पुसायचं बटण उचकटलं आणि खिशात टाकलं.

शैलजा दात-ओठ खात हरायला बसली.

पहिलाच शब्द चुकला. सवयीने बोट मागे धावलं. तिथे नुसतं भोक!

"जाऊ दे मेलं," ती पुटपुटली आणि पुढच्या फुग्याकडे वळली.

तो फुटला. त्याच्यामागचाही. एक निसटला, तिने मान वळवली नाही. फुगे भराभर उतरू लागले, तशी बोटंही सुटली. शेजारच्या मुली काम टाकून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मिनिटाचे शब्द मोजणारा कोपऱ्यातला आकडा चोवीसवर गेला, एकतीसवर गेला…

"अडतीस!" एक मुलगी ओरडली.

शैलजा हसत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. एवढा आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

"अहो सर, मला हरताच येत नाहीये!"

सर तिच्या धावत्या बोटांकडे बघत म्हणाले,

"परवा परीक्षेलाही अशाच हरायला बसा, ताई."