टिटवीचे 'अरेरे'

एका जंगलातून एक नदी वाहत होती आणि नदीच्या अलीकडच्या काठावर, फुटबॉलच्या मैदानाला अगदी लागून, एक टिटवी राहत असे. हसू नका. जंगलातही फुटबॉल असतो. तो थंडीतल्या सकाळी, उजाडता उजाडता खेळतात आणि तेव्हा तुम्ही पांघरुणात असता, म्हणून तुम्हाला तो दिसत नाही इतकेच. चेंडू गवताचा असतो, सुगरण पक्षी तो घट्ट विणून देतो. मैदानाच्या एका टोकाला दोन पळस उभे होते आणि दुसऱ्या टोकाला दोन बाभळी. त्यांच्यामधून चेंडू गेला की गोल. पंच होते एक म्हातारे कासव. त्याला काही धावता येत नसे. ते मैदानाच्या मधोमध बसून राही आणि सगळा खेळ त्याच्या आजूबाजूने चाले.

टिटवीला झाडावर बसता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. तिला मोकळी, सपाट, खड्यांची जमीन लागते. तिथेच, उघड्यावर, ती अंडी घालते आणि डोळ्यांत तेल घालून राखण करते. कुठे साप सळसळला, कुठे कोल्ह्याची सावली हलली, की सगळ्यांच्या आधी टिटवीला दिसते आणि ती ओरडते. तिचा आवाज ऐकून आजवर कितीतरी जीव वाचले होते. त्यामुळे जंगलात तिला मान होता. संकट यायच्या आधी ते ओळखायचे, हा तिचा गुणच होता.

आता अलीकडच्या काठाच्या संघाविषयी सांगायला हवे. खरे सांगतो, तो वाईट खेळत होता. पुढे खेळायचा एक ससा. पाय त्याचे चपळ, पण चेंडू बाभळींजवळ नेला की त्याला काय व्हायचे कोण जाणे, भलतीकडेच मारायचा. पळसांमध्ये गोलकीपर म्हणून उभे राहायचे एक खवले मांजर. अंगभर खवले असलेले हे जनावर घाबरले की स्वतःचाच गोळा करून बसते. काठावरून कोणी ओरडले की ते मिटायचे, आणि गोल उघडा पडायचा. एकदा तर पलीकडच्या रानडुकराने घाईघाईत चेंडू सोडून या गोळ्यालाच लाथ मारली. तो गोल धरावा की नाही, यावर कासवाने बराच वेळ डोळे मिटून विचार केला.

पण या संघावर टिटवीचा फार जीव होता. एकही खेळ तिने चुकवला नव्हता. मैदानाच्या कडेला एक उंचवटा होता, त्यावर ती एका पायावर उभी राही. मागे झाडांवर वानरे, खाली खारी, तितर, मोर असा सगळा काठ जमलेला असे. ससा चेंडू घेऊन निघाला की टिटवी मान ताणून बघे. आता हा चुकणार, हे तिला आधीच दिसे आणि तिच्या तोंडून निघे, "अरेरे." टिटवी म्हणाली म्हणजे खरेच असणार, असे समजून सगळा काठ पाठोपाठ म्हणे, "अरेरे." आणि मग ससा चुके. नीट ऐकलेत ना? आधी 'अरेरे' आणि मग चूक. पण हा क्रम तेव्हा कोणाच्या लक्षात आला नव्हता.

थंडी सरत आली. दोन्ही काठांमध्ये एक जुना नियम होता. ज्या काठाच्या संघाला अख्ख्या थंडीत एकदाही जिंकता येणार नाही, त्या काठावरून मैदान उठायचे आणि समोरच्या काठावर जायचे. अलीकडचा संघ अजून एकदाही जिंकला नव्हता आणि आता एकच खेळ उरला होता. मैदान गेले की पायाखाली तुडवले न गेल्याने गवत वाढणार, बोरी माजणार. वानरांना काय, ती झाडावर राहतात. पण टिटवी जन्मली होती त्या मैदानाच्या खड्यांत, आणि तिला दुसरीकडे जागा नव्हती. पलीकडच्या काठावर पलीकडच्या टिटव्या होत्या. या विचाराने तिला घास गोड लागेना.

शेवटच्या खेळाच्या आदल्या दिवशी नदीवर पाणी प्यायला सगळे एकत्र आले आणि भांडण जुंपले. सुरुवात वानरांनी केली.

"आम्ही एवढ्या थंडीत कुडकुडत येतो," एक वानर म्हणाले, "आणि तुम्हाला एक चेंडू धड मारता येत नाही."

"चेंडू अंगावर आला तर मला भीती नाही वाटत," खवले मांजर हळूच म्हणाले. "तुम्ही ओरडता ना, तेव्हा अंग आपोआप मिटतं."

"वा रे वा. हरता तुम्ही आणि दोष आमचा?"

ससा इतका वेळ पाण्याकडे बघत बसला होता. तो टिटवीकडे वळला. "टिटवीताई, राग मानू नकोस. टिटवीचा आवाज आला की पळायचं, एवढंच आईनं मला लहानपणी शिकवलंय. त्यानंच मी जगलोय. पण तू खेळात ओरडलीस की माझे कान पडतात आणि पाय पळायला बघतात. चेंडू मारायचा राहूनच जातो."

टिटवीला हे फार लागले. "मी काय मुद्दाम ओरडते? मला वाईट वाटतं म्हणून म्हणते. मैदान गेलं तर तुम्ही दुसरीकडे उड्या माराल. मी कुठे जाऊ?"

कासवाने मान बाहेर काढली. "बाई गं, तुला वाईट वाटतं हे खरं. पण ते कधी वाटतं? चेंडू बाहेर गेल्यावर, की जायच्या आधीच?"

टिटवीने उभा पाय बदलला. वानरे आता गंमत बघू लागली होती. ससा जरा छाती काढून बसला, तसे कासव त्याच्याकडे वळले.

"आणि सशा, तू फार खूश होऊ नकोस. सरावाला तर टिटवी ओरडत नाही. मग तिथे तुझा चेंडू बाभळीबाहेर का जातो?"

"सरावाला सगळे येत नाहीत, आजोबा," ससा पुटपुटला.

"तू येतोस का?"

सशाने आपल्या पायांकडे पाहिले. त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत तो बाभळींसमोर एकटाच चेंडू मारत राहिला. कधी चेंडू आत गेला, बऱ्याचदा बाहेर गेला. उंचवट्यावरून टिटवी ते पाहत होती. उद्या काही झाले तरी तोंड उघडायचे नाही, असे तिने ठरवले. आणि मुलांनो, असे ठरवणे किती सोपे असते, ते तुम्हालाही ठाऊक आहेच.

दुसऱ्या दिवशी उजाडले, पण दिसेना काहीच. नदीतून धुके वर आले होते आणि हळूहळू सगळीकडे पसरले होते. आधी पलीकडचा काठ नाहीसा झाला, मग नदी, मग पळस, मग बाभळी. टिटवीला स्वतःचे पिवळे पायसुद्धा दिसेनात. वानरे एकमेकांना धरून बसली. सगळे जग दुधात बुडाले होते आणि त्या दुधात कुठूनतरी कासवाचा आवाज आला, "खेळ सुरू."

मग नुसते आवाज येऊ लागले. दवाने जड झालेल्या चेंडूचा धप्प आवाज. ओल्या गवतावरून धावणारे पाय. कोणाचा तरी श्वास अगदी जवळून जाई आणि विरून जाई. अलीकडचा काठ गप्प होता. दिसतच नाही तर ओरडणार कशावर? थोड्या वेळाने वानरांना पेंग आली. मोराने मान पिसांत घातली. टिटवी तेवढी जागी होती. जे दिसत नव्हते ते ती मनाने बघू लागली. मनातला ससा धुक्यातून तरंगत जात होता, चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यासारखा होता, आणि गंमत अशी की मनातला ससा कधी चुकत नव्हता. आपल्या माणसाला मनात कोण चुकवते? टिटवीला फार हलके वाटत होते. आपण जागे आहोत की झोपेत, हेही तिला नक्की सांगता आले नसते.

"पलीकडे एक," कासवाचा आवाज आला. टिटवी दचकली. पण काठावर कोणी हळहळले नाही, कारण अर्धे जण झोपेत होते. धुक्यात खवले मांजर मिटले नाही, ते उभेच राहिले. पुढचे तीन-चार चेंडू त्याच्या अंगावर आपटून परत गेल्याचे ऐकू आले. मग पाय बाभळींच्या दिशेने धावत गेले, धप्प झाले, आणि कासव सावकाश म्हणाले, "अलीकडे एक. बरोबरी."

टिटवीला आनंदाने पंख पसरावेसे वाटले. आणि लगेचच दुसरे काहीतरी वाटले, ते आनंदाचे नव्हते. अख्ख्या थंडीत एकदाही गोल झाला नाही आणि आज झाला, तो आपण पाहत नसताना. आपण पाहत नव्हतो म्हणून झाला. ज्यांच्यावर आपला एवढा जीव, त्यांना आपल्या नजरेचेच ओझे व्हावे, याचे तिला रडू आले.

तेवढ्यात ऊन आले. धुके जमिनीपासून सुटले, वर उचलले गेले आणि झाडांच्या शेंड्यांतून निघून गेले. दवाचा एकेक थेंब चमकू लागला. वानरे डोळे चोळत उठली. कासवाने सूर्याकडे पाहिले आणि खेळ संपत आल्याची खूण केली. बरोबरी झाली तर उपयोग नव्हता, मैदान जाणारच होते. आणि सगळ्यांना स्वच्छ दिसले की ससा चेंडू घेऊन एकटाच बाभळींकडे निघाला आहे आणि समोर फक्त ते रानडुक्कर उभे आहे.

टिटवीने मान ताणली. तिला दिसले. उजवी बाभूळ, चेंडू तिच्यावर जाणार. तिने चोच घट्ट मिटली. आपले खडे, आपली जागा, वाढलेले गवत, सगळे एकदम डोळ्यांपुढे आले, आणि चोच उघडली.

"अरे..."

सशाचे कान पडले. पाय अडखळले. मागे अख्ख्या काठाने पुढचे 'रे' म्हणायला श्वास घेतला. टिटवीने ते सगळे पाहिले. निघालेला शब्द काही परत घेता येत नाही. पण अजून तो अर्धाच निघाला होता.

"...मार की बाबा!" टिटवी म्हणाली.

काठाने घेतलेला श्वास तसाच राहिला. मग एक खार म्हणाली, "मार की." मग तितर, मग वानरे, मग सगळेच. ससा क्षणभर चकित झाला. कान वर झाले आणि त्याने चेंडू मारला.

चेंडू उजव्या बाभळीवर आदळला आणि परत आला. टिटवीला दिसले होते ते खरेच होते. आता खुशाल 'अरेरे' म्हणावे, अशी वेळ होती, म्हटले असते तर कोणी दोषही दिला नसता. पण कोणी म्हणाले नाही. एरवी ससा इथे मान खाली घालून उभा राहायचा. आज काठाचे म्हणणे अजून चालूच होते, म्हणून तोही थांबला नाही. परत आलेल्या चेंडूमागे तो धावला आणि रानडुक्कर वळायच्या आत त्याने नाकाने, पोटाने, कशानेतरी तो आत ढकलला.

"अलीकडे दोन," कासव म्हणाले. "मैदान इथंच राहील."

ऊन चढल्यावर ससा उंचवट्यापाशी येऊन धापा टाकत बसला. टिटवी त्याच्याकडे बघेना.

"तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं मी," ती म्हणाली. "तरी निघालंच."

"ऐकलं ना. कान पडले माझे."

"मग?"

"मग पुढं काय म्हणतेस ते ऐकायला वर आले," ससा म्हणाला. "चेंडू बाभळीवर मारला तो मात्र मीच गं. त्यात तुझं काही नाही."

टिटवीला हसू आले. त्या उन्हाळ्यात टिटवीने पळसांच्या जवळ, खड्यांत, चार अंडी घातली आणि संघाने तेवढी जागा सोडून सराव केला. रोज केला, सगळ्यांनी केला. पुढच्या थंडीतही ते काही खेळ हरले. टिटवी अजूनही "अरे" म्हणते, ती सवय काही तिची गेली नाही. पण त्याच्यापुढे काय म्हणायचे, ते ती चेंडू कुठे जातो ते पाहून ठरवते.

तात्पर्य : मैदानात चुकते ती खेळणाऱ्याची चूक खरी, पण ज्याच्यावर आपला जीव आहे, तो हरायच्या आधी आपण हरू नये.